दर दहा सेकंदांनी

“विजूबाई, मघापासून एवढं काय टाइप करताय?” गुरुनाथअण्णांनी विचारलं.

मी काहीच टाइप करत नव्हते. माझ्या मांडीवर कापूस होता आणि मी वाती वळत होते. मे महिन्यातली दुपार होती. भारनियमनात दोनला गेलेली वीज पाचला येणार होती, पंखा थांबलेला होता, आणि अशा उन्हात पुस्तक बदलायला बाहेर पडणारा अख्ख्या बार्शीत एकच माणूस होता. तो माझ्यासमोर बसला होता. लॅपटॉप टेबलावर, माझ्या हातापासून लांब, बॅटरीवर चालू होता. पडद्यावर पुस्तकांची यादी, वरच्या कोपऱ्यात माझा हिरवा ठिपका. बाकी काही नाही.

“वाती वळतीय, अण्णा.”

“मग यंत्र कुणाचं लिहून घेतंय?”

मी म्हटलं, कुणाचंच नाही, ते नुसतं चालू आहे. अण्णांनी पांढरी काठी पायाशी आडवी ठेवली आणि मान तिरकी केली.

“नुसतं चालू नाही,” ते म्हणाले. “कुणीतरी लाइनीवर आहे.”

अण्णा असं काही म्हणाले की ऐकून घ्यावं लागायचं. पाचव्या वर्षी देवी आल्या त्यात त्यांचे डोळे गेले होते, आणि पुढं एकतीस वर्षं त्यांनी एका कापडगिरणीचा टेलिफोन बोर्ड सांभाळला होता. कुठल्या खात्यातून फोन आलाय हे त्यांना रिसीव्हर उचलल्याच्या आवाजावरून कळायचं, आणि मॅनेजरसाहेब चिडलेत की नुसतेच भरपेट जेवून आलेत हे श्वासावरून. गिरणी बंद पडली, बोर्ड भंगारात गेला, आणि अण्णा आमच्याकडं ऐकायला आले.

आमच्याकडं म्हणजे श्रवण ग्रंथालयात. मुलींच्या शाळेच्या मागच्या दोन खोल्या. सभासद एकशे चाळीस, सगळे अंध किंवा अगदी अंधुक दिसणारे, करमाळा-परंड्यापर्यंत पांगलेले. आम्ही पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायचो आणि मेमरी कार्डावर घालून पोस्टानं पाठवायचो. मला बोलावलं होतं ते वाचायला, आवाज बरा म्हणून. कॉम्प्युटर कुणालाच येत नव्हता म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी त्याचं प्रोजेक्ट करायला आला, लॅपटॉपवर भलामोठा डेटाबेस बसवून गेला, आणि जाताना एका चिठ्ठीवर पासवर्ड ठेवून गेला. त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही. मला बारावीत इंग्रजीनं पाडलं होतं. त्याच इंग्रजीतलं डेटाबेसचं सहाशे पानांचं पुस्तक शब्दकोश शेजारी घेऊन मी दोन वर्षं वाचलं, आणि डेटाबेस माझा झाला.

त्या डेटाबेसमध्ये सगळ्यात मोलाच्या होत्या त्या खुणा. डोळस माणूस पान दुमडून ठेवतो. आमची माणसं फोन करायची. आज अमुक प्रकरणापर्यंत आलो, म्हणायची, आणि मी तशी खूण लिहून घ्यायची. चार महिन्यांनी विचारलं, ताई, माझं कुठं थांबलं होतं, तर सांगता आलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपची पहिली डिस्क म्हातारपणानं गेली तेव्हा सगळ्या खुणा गेल्या. वैरागच्या इंदुमतीबाई गोरे एक मोठी कादंबरी नवऱ्याबरोबर ऐकत होत्या. नवरा मध्येच वारला. सहा महिन्यांनी त्यांनी फोन करून विचारलं, आमचं दोघांचं कुठं थांबलं होतं हो? मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, असू दे, पहिल्यापासून ऐकते. मी फोन ठेवला आणि त्या आठवड्यात आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहिला. हिरवा ठिपका तोच. तो हिरवा आहे तोवर डेटाबेस जागा आहे, खुणा शाबूत आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो ठिपका दाखवायचे. लोक सुनेच्या हातची रांगोळी दाखवतात तसा.

एवढं करूनही पुढच्या दोन्ही डिस्क दहा-दहा महिन्यांत गेल्या. नशिबानं दर शनिवारी खुणा वेगळ्या कार्डावर उतरवून ठेवत होते म्हणून दोन-चार दिवसांचंच नुकसान झालं. पण आमचे अध्यक्ष मुळे सर हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना तीन म्हणजे तीन. ढगेबाई, यंत्राला विश्रांती द्यायची असते, तुम्ही देत नाही, असं त्यांनी मला समितीसमोर सुनावलं आणि इतिवृत्ताच्या वहीत स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, यंत्रचालकाच्या हलगर्जीपणामुळे तीन डिस्क निकामी. पुढच्या बैठकीत ठरणार होतं की लॅपटॉप बंद करावा आणि सगळी कार्डं सोलापूरच्या एका मोठ्या संस्थेला देऊन टाकावीत. ती संस्था चांगली होती, कार्डं वेळेवर पाठवायची. पण तिथं फोन उचलून कुणाची खूण कुणी सांगणार नव्हतं. बैठक नऊ दिवसांवर होती.

आता चौथी डिस्क बसवून बारा दिवस झाले होते, आणि अण्णा म्हणत होते, कुणीतरी लाइनीवर आहे.

मी वाती बाजूला ठेवल्या आणि लॅपटॉपला कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही.

“तुम्ही ऐकायची घाई करताय,” अण्णा म्हणाले. “हाताकडं बघा माझ्या.”

त्यांनी तर्जनी टेबलावर धरली आणि थांबले. मग एकदा टिचकी मारली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. दहा सेकंदांनी दुसरी टिचकी. पुन्हा दहा सेकंदांनी तिसरी. मधे एकदा त्यांनी बोट टेबलावरून जरा लांबवर ओढलं.

“दोघं आहेत,” ते म्हणाले. “एक दर दहा सेकंदांनी येतोय, बारीक. टक करतो आणि जातो. दुसरा मिनिटातून एकदा. तो जरा खुरखुरतो.”

मग मलाही ऐकू आलं. एकदा ऐकू आल्यावर ऐकू येईना असं होईना. दोन वर्षं मी त्या यंत्राशेजारी बसून जेवले होते, आणि पंख्याच्या घरघरीखाली ते असं टकटकत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या इरफानभाईंना बोलावलं. पहिलीनंतरच्या तिन्ही डिस्क त्यांनीच बसवल्या होत्या, आणि दर वेळी मुळे सर मला बोलताना ते तिथंच उभे असल्यानं त्यांना माझी कणव यायची. त्यांनी डिस्कची आतली माहिती दाखवणारा एक प्रोग्रॅम लावला, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ताई, हे काय आहे?”

त्यांनी समजावलं ते असं. डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि तिच्यावर एक बारीक काटा. सात-आठ सेकंद काही काम आलं नाही की काटा उचलून बाजूला विश्रांतीला जातो. काम आलं की पुन्हा तबकडीवर येतो. असा तो किती वेळा आला-गेला हे डिस्क स्वतः मोजते. सहा लाखांपर्यंत कंपनी हमी देते, पुढं नशीब. बारा दिवसांच्या डिस्कवर आकडा होता बेचाळीस हजार आणि काही.

“एवढं तर माझ्या दुकानातलं मशीन दोन वर्षांत करत नाही,” इरफानभाई म्हणाले. “तुम्ही करता काय हिच्यावर?”

“वाती वळते,” मी म्हटलं.

पण मला बरं वाटलं होतं. कुणीतरी त्या काट्याला बसू देत नव्हतं. म्हणजे दोष डिस्कचा नव्हता आणि हात माझा नव्हता. मी मनातल्या मनात मुळे सरांना ते ऐकवूनही टाकलं.

मिनिटाला येणारा तीन दिवसांत सापडला. त्या जाड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरातली शंभर पानं होती, ती मी कधी वाचली नव्हती, कारण ती मोठ्या मोठ्या कंपन्यांसाठी असतात असं मला वाटायचं. तिथं लिहिलं होतं की डेटाबेसमध्ये एक झाडणारा असतो. दर मिनिटाला उठून तो बघतो, कुठं केर पडलाय का. बघण्यासाठी त्याला कुठल्या तक्त्यात किती बदल झाले याची मोजणी लागते, आणि ती मोजणी दर वेळी नव्यानं डिस्कवर लिहिली जाते. शेकडो माणसं काम करत असतील तिथं हे ठीक आहे. आमच्याकडं दिवसाकाठी दहा खुणा बदलायच्या. उरलेला वेळ तो बिचारा स्वच्छ अंगण झाडत होता आणि अंगण स्वच्छ आहे असं दर मिनिटाला लिहून ठेवत होता.

मला बराच वेळ विचार करावा लागला. खुणा डिस्कवरच गेल्या पाहिजेत, तिथल्या तिथं, त्यात तडजोड नाही. पण ही मोजणी वीज गेल्यावर पुसली गेली तर कुणाचं काय जाणार होतं? कुणी फोन करून विचारणार नव्हतं, ताई, माझी मोजणी कुठं थांबली होती. मग ती वहीत कशाला, पाटीवर लिहा. मी मोजणीची जागा डिस्कवरून काढून यंत्राच्या तात्पुरत्या आठवणीत केली आणि झाडणाऱ्याला सांगितलं, बाबा, तासाला एकदा उठ. दोन ओळी बदलायच्या होत्या. बदलण्याआधी मी जुन्या ओळी कागदावर उतरवून तो कागद देवाच्या तसबिरीमागं ठेवला.

मग आम्ही दोघं वीज जायची वाट बघत बसलो. त्या मे महिन्यात भारनियमनाची वाट बघणारी बार्शीत आम्ही दोघंच असू. नुसता पंखा बंद करावा हे दोघांनाही सुचलं नाही.

दोनला पंखा थांबला. अण्णांनी तर्जनी टेबलावर धरली. पाच मिनिटं झाली, खुरखुर आली नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. पण बोट दर दहा सेकंदांनी पडतच होतं.

“एक उतरला,” ते म्हणाले. “दुसरा बसलाय.”

दुसऱ्यानं मला रडकुंडीला आणलं. शंभर पानं दोनदा वाचली, दहा सेकंद असं कुठंच सापडेना. झाडणारा नाही, प्रती काढणारा नाही, नोंदी ठेवणारा नाही. एकेक बंद करून बघितला. घरी आमटीत दोनदा मीठ पडलं. मुलगी म्हणाली, आई, सोडून दे आता, नवीन लॅपटॉप घ्या म्हणावं. ती तेव्हा पुण्यात शिकत होती आणि तिथल्या लोकांना सगळं नवीन घेता येतं.

गुरुवार उजाडला. शनिवारी बैठक. दुपारी अण्णा आले, नेहमीच्या खुर्चीत बसले. मी म्हटलं, अण्णा, आज मी डेटाबेसच बंद करते. मुळात तोच नसेल तर लिहिणार कोण. तरीही आवाज आला तर मान्य करू की डिस्कच खराब आहे, आणि मुळे सरांना काय करायचं ते करू देत.

दोनला वीज गेली. मी डेटाबेस थांबवला. वरचा हिरवा ठिपका लाल झाला. तो तसा व्हावा अशीच मी त्याची रचना केली होती, डेटाबेस जागा नसला की लाल.

आम्ही वाट बघितली. अण्णांचं बोट पडलं.

माझा धीर सुटला. “म्हणजे डिस्कच,” मी म्हटलं.

“थांबा,” अण्णा म्हणाले. “डिस्क बिघडली की अशी घड्याळ लावून ठोकत नाही. माणूस आहे हा. वेळ पाळतोय.”

बोट पुन्हा पडलं. मी वैतागून पडद्याकडं बघत होते. लाल ठिपका एकदा लुकलुकला.

मला आधी काही कळलं नाही. बघत राहिले. दहा सेकंद गेले. अण्णांचं बोट टेबलावर पडलं, आणि त्याच क्षणी ठिपका लुकलुकला. पुन्हा दहा सेकंद. बोट आणि ठिपका. अण्णांना ठिपका दिसत नव्हता. ठिपक्याला अण्णांचं बोट दिसत नव्हतं. दोघं बरोबर एकाच वेळी.

“काय झालं?” अण्णा म्हणाले. “श्वास थांबला तुमचा.”

“सापडला.”

“कोण आहे लाइनीवर?”

“मी,” मी म्हटलं.

मग त्यांना सांगितलं. दोन वर्षांपूर्वी लिहिलेला तो प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी डेटाबेसला विचारायचा, जागा आहेस का? आणि नुसतं विचारून माझं समाधान होत नव्हतं म्हणून खात्रीसाठी तिथं त्या वेळेची एक नोंद लिहायचा. डेटाबेस उत्तर देत नसेल तर तशी तक्रार डिस्कवरच्या दुसऱ्या एका वहीत लिहायचा. लॅपटॉप सुरू झाला की तोही आपोआप सुरू व्हायचा. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत. काटा सात-आठ सेकंदांनी आडवा व्हायचा, आणि दहाव्या सेकंदाला मी त्याला हलवून विचारायची, बरा आहेस ना?

दोन डिस्क मी मारल्या होत्या. पुन्हा खुणा जाऊ नयेत म्हणून.

माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. पहिले दोन महिने मी दर थोड्या वेळानं तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, आणि ती दचकून उठायची. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, तू हिला मरू द्यायची नाहीस, पण झोपूही द्यायची नाहीस. त्या दिवशी त्या लाल ठिपक्यासमोर मला सासूबाईंची फार आठवण आली. असं क्वचित होतं.

अण्णा काठी चाचपत म्हणाले, “विजूबाई, मला काही दिसत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. काय दिसलं असं मला कुणी विचारणार नाही.”

ते काय देऊ करत होते ते मला कळलं. ठिपका काढून टाकायचा, झाडणाऱ्याचं नाव सांगायचं, आणि घरी जायचं. ते खोटंही नव्हतं, अर्धं खरं होतं. मी त्यांना चहा करून दिला.

शुक्रवारचा दिवस मी त्या प्रोग्रॅमवर घालवला. ‘जागा आहेस का’ काढून टाकलं. त्याऐवजी असं केलं की एखादी खूण खरोखर लिहिली गेली की त्याच वेळी तिची एक प्रत शेजारच्या कार्डावरही जाईल. म्हणजे शनिवारपर्यंत थांबायलाच नको. राखायला काही असेल तेव्हा राखायचं, नसेल तेव्हा गप्प बसायचं. ठिपका काढायचं मात्र संध्याकाळपर्यंत टाळलं. शेवटी त्याची पंचवीस ओळींची छापील प्रत काढून पर्समध्ये ठेवली.

शनिवारी सकाळी अकराला बैठक. मुळे सर, समितीचे दोन सभासद, मी, आणि ऐकणाऱ्यांच्या वतीनं अण्णा. सरांनी वही उघडली, मागच्या बैठकीचं वाचून दाखवलं, हलगर्जीपणा हा शब्द अगदी स्वच्छ उच्चारला, आणि सोलापूरच्या पत्राला हात घातला.

मी म्हटलं, सर, त्याआधी मला बोलायचं आहे.

मी उभी राहिले. घरी पाठ केलेलं सगळं विसरले. झाडणाऱ्याचं सांगितलं, पाटीचं सांगितलं, काट्याचं सांगितलं. अण्णा काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. तिथं थांबता आलं असतं. सर मान हलवायला लागले होते.

“हा झाला एक,” मी म्हटलं. “दुसरा माझा होता.”

आणि ठिपक्याचं सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. “म्हणजे दोन डिस्क तुमच्यामुळं गेल्या.”

“हो सर.”

“मी म्हणत होतो तेच. यंत्राला विश्रांती नव्हती.”

“हो सर. तुम्ही म्हणत होता तेच.”

हे सरांना अपेक्षित नसावं. हेडमास्तरकीच्या इतक्या वर्षांत कबूल करणारी मुलं त्यांना फारशी भेटली नसतील. “आणि हे तुम्हाला सांगितलं कुणी? इरफाननं?”

“कुणी नाही. अण्णांनी ऐकलं आणि मी शोधलं.”

“त्याचा पुरावा?”

अण्णा म्हणाले, “पंखा बंद करा, सर.”

एका सभासदानं उठून पंखा बंद केला. मी लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवला. डेटाबेस चालू होता, सगळं चालू होतं. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि पाच शहाणी माणसं अकरा वाजताच्या उकाड्यात एका लॅपटॉपभोवती गप्प बसली. एक मिनिट. अण्णांची तर्जनी टेबलावर होती. दोन मिनिटं. सरांच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला, तो त्यांनी पुसला नाही. तीन. शाळेच्या मैदानात कुणीतरी बादली ओढत नेत होतं. चार. अण्णांचं बोट जागचं हललं नव्हतं.

पाचव्या मिनिटाला फोन वाजला. मी सरांकडं बघितलं, त्यांनी घ्या म्हणून खूण केली.

वैरागच्या इंदुमतीबाई होत्या. ती मोठी कादंबरी त्यांनी पहिल्यापासून लावली होती आणि दोन वर्षं थोडी थोडी ऐकत होत्या. आज एकविसाव्या प्रकरणापर्यंत आले, लिहून ठेवा ताई, म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, हे ऐकलं होतं बरं का आम्ही दोघांनी, हे ओळखीचं आहे, पण पुढचं नाही वाटत. मी म्हटलं, ठेवते लिहून. एकवीस.

मी बटण दाबलं. डिस्क आतून उठली. टक झालं, बारीकशी खुरखुर झाली, आणि त्या शांततेत ती खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेली.

“हे काय?” सर म्हणाले.

“हे काम,” अण्णा म्हणाले. “एक बाई कुठवर आली ते लिहिलं.”

मग पुन्हा काही नाही. सरांनी आणखी दोन मिनिटं बघितली, घड्याळ मनगटावर चढवलं आणि सोलापूरचं पत्र वहीखाली सरकवलं. पंखा लावा, म्हणाले. मग पेनाचं टोपण काढून बराच वेळ लिहीत बसले. मला वाटलं आता माझी बदनामी दोन डिस्कपुरती तरी पक्की झाली.

“सर, काय लिहिलं ते वाचून दाखवता का?” अण्णा म्हणाले. “मला दिसत नाही.”

सरांनी घसा साफ केला आणि वाचलं. “डिस्क निकामी होण्याचं कारण यंत्रचालक श्रीमती विजयमाला ढगे यांनी स्वतः शोधून दुरुस्त केलं. दोष त्यांच्याच प्रोग्रॅमचा होता.”

“दोन्ही खरं आहे,” अण्णा म्हणाले. “फक्त उलटं लिहा.”

“उलटं म्हणजे?”

“आधीचं नंतर, नंतरचं आधी. कानात शेवटचं राहतं, सर. एकतीस वर्षं बोर्डावर बसून बघितलंय. फोन ठेवताना माणूस जे बोलतो तेवढंच समोरच्याच्या लक्षात राहतं.”

सरांनी पट्टी मागितली, आधीच्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली, शेजारी आद्याक्षरं केली आणि खाली पुन्हा लिहिलं.

याला चौदा वर्षं झाली. ती चौथी डिस्क नऊ वर्षं चालली. लॅपटॉपची बिजागरी तिच्या आधी तुटली, म्हणून इरफानभाईंनी ती काढून माझ्या हातात दिली. शेवटच्या दिवशी आकडा बघितला होता. नऊ वर्षांत तो दोन लाखांवरही गेला नव्हता. ती आता माझ्या शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर असते. इंदुमतीबाईंची कादंबरी पूर्ण झाली, आणि त्यांनी फोन करून दुसरी तेवढीच मोठी मागितली.

अण्णा गेले त्या वर्षी मुळे सर मला घरी भेटायला आले आणि इतिवृत्ताच्या त्या पानाची झेरॉक्स देऊन गेले. मी मागितली नव्हती. ती मी त्या पंचवीस ओळींच्या प्रतीशेजारी ठेवली आहे. नवीन वाचायला आलेल्या मुली कधी विचारतात, ताई, तुम्ही कॉम्प्युटर कुठं शिकलात, तेव्हा मी त्यांना ते पान काढून देते आणि मोठ्यानं वाचायला लावते, आमच्याकडं सगळं मोठ्यानंच वाचायचं असतं. त्या वाचतात, “दोष श्रीमती विजयमाला ढगे यांच्या प्रोग्रॅमचा होता,” आणि अवघडून माझ्याकडं बघतात.

मी म्हणते, थांबू नका, पुढं वाचा.

“तो त्यांनी स्वतः शोधला, आणि दुरुस्त केला.”